मेपलच्या वड्यांचे डोहाळे

नर्मदाबाईंनी आजवर घरातल्या प्रत्येक गरोदर बाईचे डोहाळे पुरवले होते. थोरल्या सुनेला, सरजाला, ऐन पावसाळ्यात कवठ हवं झालं तेव्हा पूर ओसरायची वाट न बघता थोरल्या लेकाला, महारुद्राला, गोदागंगेच्या पल्याड पिटाळलं होतं. धाकटी सून रोहिणी परभणीच्या शाळेत मास्तरीण. तिला स्टेशनाबाहेरची भजी आठवली. "शिकल्याली बाई, डोहाळे सुदिक रेल्वेचे," असा टोमणा हाणून का होईना, भजी आली होती. डोहाळे राहिले तर लेकराचे कान फुटतात. हे काही दुसरीच्या पुस्तकात नव्हतं, आणि दुसरीच्या पुढे नर्मदाबाई शाळेत गेल्या नव्हत्या.

पण सरजाच्या लेकीनं, राजनंदिनीनं, जे मागितलं ते गंगाखेडच्या बाजारात मिळणारं नव्हतं आणि परभणीच्याही नव्हतं. पोरगी कॅनडाहून पोट घेऊन आली होती. तिकडे तिच्या वरच्या मजल्यावरची एक म्हातारी थंडीत तिला वड्या आणून द्यायची, मेपलच्या, अक्रोड घातलेल्या. त्याच हव्यात. येताना तिनं साड्यांच्या घडीत गुंडाळून मेपलच्या पाकाची एक बाटली आणली होती. एकच.

"मेपल म्हंजी काय गं?" नर्मदाबाईंनी बाटली उजेडात धरून विचारलं.

"झाड असतंय, आज्जी. त्याला भोक पाडतेत. रस गळतो. तो आटवला की असा पाक."

"भोक पाडून रस? म्हंजी शिंदीच की गं ही! पोटुशी बाई अन् शिंदी पियाली?"

"चढत न्हाई, आज्जी. काकवीवानी असतंय."

नर्मदाबाईंनी बोटावर थेंब घेऊन चाटला. काकवीसारखं होतं खरं, पण उसाची ती किंचित खारट चव नव्हती. जळक्या लाकडाचा कुठूनसा वास येत होता. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पुन्हा एक थेंब घेतला.

आज डोहाळजेवण होतं. दुपारी चारठाण्याहून राजनंदिनीची सासू यायची होती, गल्लीतल्या बायका यायच्या होत्या. वड्या त्याआधी व्हायला हव्या होत्या. आणि वड्यांच्या आधी आणखी एक गोष्ट व्हायला हवी होती, तिचं नाव मात्र सकाळपासून घरात कुणी काढलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण जावयाला, हरिओमला, तिकडून सुट्टी मिळेना, आणि लेकरू जन्मताना बाप जवळ पाहिजे असं त्या दोघांनी आपसांत ठरवलेलं. तेव्हा आठवा लागायच्या आत राजनंदिनी विमानात बसणार, आणि बाळंतपण करायला सोबत आईला नेणार. सरजाला. चांगले सहा महिने. सरजाच्या व्हिसाचे कागद रोहिणीनं भरले तेव्हा नर्मदाबाईंनी आडकाठी केली नव्हती. म्हटलं, भरू दे, असले कागद कुठं येतेत! कागद आला. काल हरिओमनं फोन करून सांगितलं, "उद्यापर्यंत कळवा, आई येणार का नाही. दोघींचं तिकीट एकत्र काढायचंय." आणि सगळं घर नर्मदाबाईंच्या तोंडाकडे बघायला लागलं होतं.

नर्मदाबाई बोलत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "रीत म्हंजी रीत. लेक माहेरी बाळंत होती. पुढचं तुमी बघा."

*

पातेलं मोठं घ्यावं लागलं, कारण हे रसायन उकळताना दुधासारखं वर येतं. म्हशीच्या दुधाची साय, घरचं लोणी आणि तो पाक. राजनंदिनी एकेक घालत होती आणि नर्मदाबाई शेजारी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या.

"तिकडं काटा असतो, बुडवला की किती तापलं ते कळतं," राजनंदिनी म्हणाली. "इथं कसं कळंल?"

"मपल्या माहेरी गुऱ्हाळ होतं, बाई. सरजे, वाटीत पाणी आण."

पाण्यात थेंब टाकला तर तो पसरला. थोड्या वेळानं दुसरा टाकला, तो बुडाशी जाऊन बसला. नर्मदाबाईंनी बोटानं तो गोळा केला, दाबला, आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "गोळी झाली. उतरव."

राजनंदिनी खूश झाली. "बरोबर हेच पाहिजे होतं, आज्जी!" नर्मदाबाईंनी सरजाकडे असं बघितलं की जणू कॅनडा त्यांच्याच माहेरच्या शिवारात असावा.

"आता हे असंच ठेवायचं," म्हणत राजनंदिनीनं पातेलं दोन्ही हातांनी उचलून बैठकीतल्या टेबलावर, पंख्याखाली नेऊन ठेवलं. "कुणी हात लावायचा न्हाई. चमचा घालायचा न्हाई. टेबलाला धक्का सुदिक न्हाई. बुडाला तळहात लावून सोसवलं, की मग मी घोटणार. त्याच्या आधी हलवलं तर साखर धरती."

"आन न्हाई हलवलं तर बुडाला धरंल."

"आज्जी, गॅसवरून खाली घेतलंय."

"तरी बी," नर्मदाबाई म्हणाल्या.

या घरात पातेलं पोरकं ठेवायचं नाही, हा नर्मदाबाईंचाच कायदा होता. खवा असो, खीर असो, गुळवणी असो, स्वयंपाकघरातून जो जाईल त्यानं जाता जाता एक हात फिरवायचा. महारुद्र मळ्यातून आला तरी पायातल्या वहाणा काढायच्या आधी पळी फिरवायचा. नवी सून आली की पहिल्या आठवड्यात तिला हेच शिकवलं जाई. म्हणून या घरातली बासुंदी कधी लागली नाही. आणि म्हणूनच या घरात कुणाला एखादी गोष्ट तिच्या मनासारखी राहू द्यायची सवय नव्हती.

बैठकीत पातेलं राहिलं. राजनंदिनीला सरजानं हिरवी साडी नेसायला आत नेलं. रोहिणी फुलांच्या माळा लावत होती. ती टेबलाजवळून गेली. पातेल्यात लाकडी कलथा तसाच उभा होता, तो तिनं एकदा फिरवला आणि पुढे गेली. तिच्या ध्यानातही आलं नाही. ती अठरा वर्षं परभणीत राहत होती, पण हाताला घर ठाऊक होतं.

मग महारुद्र आला. विहीणबाईंना आणायला गाडी काढायची होती, किल्ली टेबलावर होती. किल्ली उचलली, कलथा फिरवला, गेला.

आणि मग बैठकीत कुणीच नव्हतं, तेव्हा नर्मदाबाई काठी टेकत आल्या. पातेल्यात वाकून बघितलं. वरून तकतकीत, मधासारखा रंग, आणि कडेला एक पातळ साय धरू लागलेली. अशी साय धरू लागली की त्यांचं मनगट आपोआप शिवशिवायचं. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कलथा धरला. बुडापासून, कडा खरवडून, चांगले तीन-चार फेरे घेतले. वर मान केली तर आतल्या दारात सरजा उभी. हातात ओटीचं ताट.

सरजा ताट ठेवून परत आत गेली.

*

विहीणबाई आल्या त्या तोऱ्यात आल्या. जरीचं लुगडं, हातात पर्स, आणि बोलणं गाडीतून उतरायच्या आधीच सुरू. "काय म्हणता विहीणबाई, तब्येत? ऐकलं की पाय लय त्रास देयलाय."

"पाय देयलाय त्रास, तोंड न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "या, बसा."

राजनंदिनी हिरव्या साडीत, डोक्यात मोगरा, बाहेर आली. आली ती थेट पातेल्याकडे. बुडाला तळहात लावला, सोसवलं. कलथा घेतला, आणि पहिल्या फेऱ्यालाच तिचा चेहरा पडला. कलथा खरखरत होता. तिनं चिमूटभर उचलून तोंडात टाकलं.

"साखर झाली," ती म्हणाली. "सगळी साखर झाली."

विहीणबाईंनी पुढं होऊन चव घेतली. "अगं काय छान रवाळ झालंय! तूपसाखर खाल्ल्यावानी!"

"रवाळ न्हाई पाहिजे, आई. लोण्यावानी पाहिजे. जिभेवर इरघळायला पाहिजे." आणि राजनंदिनी तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागली. नुसतं मुसमुसणं नाही. हिरव्या साडीचा पदर तोंडात कोंबून, खांदे गदागदा हलवत. एवढी एक वस्तू मागितली होती. एका बाटलीवर सगळी आशा होती. "कुणी हलवलं? मी सांगितलं होतं ना? कुणी हलवलं?"

नर्मदाबाईंना राग येताना तो पुढचं-मागचं काही बघत नसे. "कोणाच्या हाताला खाज सुटली होती, बोला!" त्यांनी काठी आपटली. "गरवार पोरीच्या तोंडातला घास तो. बोला!"

रोहिणीनं मान खाली घातली. "मी एकदा फिरवलं असेल, आई. सवयीनं."

"मी बी," महारुद्र दारातून म्हणाला, आणि लगेच एक पाऊल मागं सरला. "पण माय, तूच तर शिकवलंस. पातेलं पोरकं—"

"तुला काय मी डोळे झाकून शिकवलं का? घोडा झालास, अजून मायचं नाव!"

आणि मग सरजा म्हणाली, "माझ्याकडनं जास्त हललं, नंदू. मीच खालून खरवडलं. त्यांचं एकेकदाच होतं, त्यानं एवढं झालं नसतं."

नर्मदाबाईंची काठी जमिनीवर होती तिथेच राहिली. सरजानं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं, जसं काही खरंच तिनंच केलं होतं आणि आता त्याचं काय ते तीच निस्तरणार होती.

विहीणबाईंना संधी दिसली. त्या काही वाईट बाई नव्हत्या. फक्त संधी दिसली की बसून राहणं त्यांना जमत नसे. "बघा विहीणबाई, असंय. सरजाबाई भोळ्या. तिकडं कॅनडात सगळं घड्याळावर चालतं. तिथं असं चुकून जमत न्हाई. तुमचा जीव तिला सोडायला होत नसंल तर स्पष्ट सांगा. मी जाते. हरिओम माझा लेक, नातू बी माझाच. मी करते बाळंतपण."

महारुद्रानं सुटकेचा श्वास टाकला, तो सगळ्यांनी ऐकला. "व्हय की, माय. आसं बी झालं तर बरंच."

"कुणाला बरं?" रोहिणी ताडकन म्हणाली. "दादा, तुम्हाला भाकरी वेळेवर मिळेल, ते बरं ना?"

"तुमाला बोलायला काय जातंय, मास्तरीणबाई? इथं माय कोण बघंल? तुमी येणार का शाळा सोडून?"

"येईन. नाहीतर आईंना परभणीला नेईन. मी कधी नाही म्हटलं? मला विचारलंय का कुणी?"

राजनंदिनी रडता रडता सासूकडे बघून म्हणाली, "आई, तुमी याच. पण नंतर या. आत्ता मला मपली आई पाहिजे." आणि बोलून गेल्यावर तिला लाज वाटली, आणि ती पुन्हा रडायला लागली.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी राजनंदिनीच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

नर्मदाबाई उठल्या. "रडणं पुरे. साखर झालीय, माती न्हाई झाली. पाक बिघडला तर पाणी घालून पुन्हा चढवायचा. गुऱ्हाळात कढई काय फेकून देतेत? सरजे, आत चल. सुपारी-पान द्या बायकांला तवर."

*

पाणी घालून पातेलं पुन्हा चढलं. साखर विरघळली, पुन्हा उकळी, पुन्हा पाण्यातली गोळी. या वेळी नर्मदाबाईंनी पातेलं बैठकीत जाऊ दिलं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावरच ठेवायला लावलं, दार लोटलं, आणि आपली खुर्ची ओट्याला लावून बसल्या. राखणीला.

"तू बी बस," त्या सरजाला म्हणाल्या.

"मी वाटाणे सोलते तोवर."

"वाटाणे ऱ्हाऊ दे. हललीस तर ओटा हलंल. बस म्हणले ना."

सरजा बसली. पाटावर, भिंतीला टेकून. तिच्या हातात काही नव्हतं आणि तिला हातांचं काय करायचं ते कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासू आणि सून अशा दोघी एका खोलीत बिनकामाच्या कधी बसल्या नव्हत्या. काहीतरी निवडायचं असायचं, वळायचं असायचं, कुणाला तरी शिव्या घालायच्या असायच्या.

बाहेर बायका डोहाळ्याची गाणी म्हणायला लागल्या होत्या. पातेल्यातून वाफ येत होती, ती हळूहळू बारीक होत गेली.

"खोटं कामून बोललीस?" नर्मदाबाईंनी पातेल्याकडे बघतच विचारलं.

"काय?"

"नाटकं करू नको. बघितलंस तू मला."

सरजा म्हणाली, "विहीणबाई होत्या, आत्याबाई."

बस्स, एवढंच. विहीणबाई होत्या. नर्मदाबाईंना वाटलं होतं ती काही मोठं बोलेल, ऐकवेल. त्याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

आणि त्यांना हेही ठाऊक होतं की हे आजचं नाही. मागच्या पोळ्याला न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. तेव्हापासून खुब्यात असं काही बसलं की खाली वाकता येईना, पाठीमागं हात जाईना. सगळ्या घराला वाटतं, सरजा फक्त पाणी काढून ठेवते. महारुद्रालाही तेवढंच ठाऊक. दार लोटल्यावर आत काय होतं, ते या दोघींनाच माहीत. सरजा त्यांचं लुगडं सोडते, त्यांना पाटावर बसवते, एका हातानं काखेत धरते आणि दुसऱ्यानं पाठ चोळते, मांड्या धुते, उठवते, पुसते, नेसवते. आणि मग दार उघडून बाहेर अशी येते की जणू फक्त बादली उचलायला गेली होती. ज्या अंगावर नवऱ्याच्या, आबासाहेबांच्या, माघारी कुणाची नजर पडली नव्हती, ते अंग रोज सकाळी सरजाच्या हातात असायचं, आणि ही बातमी भिंतीलाही कळली नव्हती.

रीत, माहेर, पहिलं बाळंतपण. सगळं खरं होतं. पण ज्याच्यासाठी नर्मदाबाईंची जीभ कालपासून टाळूला चिकटली होती, ते एवढंच होतं. सहा महिने. कोण? ती मास्तरीण? डोळ्याला चष्मा, मनगटाला घड्याळ, आणि बोलण्यात 'आई, तुम्ही' असलं शुद्ध. तिच्यापुढं असं उघडं बसायचं? त्यापेक्षा न धुता मेलेलं बरं.

"तुला जायचंय का?" नर्मदाबाईंनी विचारलं. त्यांच्या ध्यानात आलं, हा प्रश्न अजून कुणी सरजाला विचारलाच नव्हता. ती नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं. नव्हे, नाही म्हणावं असं वाटलं.

सरजानं पदराखालचे हात बाहेर काढले. "व्हय," ती म्हणाली. "मला जायचंय, आत्याबाई."

"लेकीसाठी."

"लेकीसाठी बी." बोलावं की नाही, असं तिच्या ओठांवर दिसत होतं. "आन मला विमानात बसायचंय. लय वाटतंय. खिडकीला. नंदू म्हणती ढगाच्या वरून जातं. मी गंगाखेड, परभणी आन एकदा तुळजापूर, एवढंच बघितलंय. मला बर्फ बघायचाय." मग एकदम घाबरून, "पण तुमचं—"

"मपलं काय?"

"तुमचं सकाळचं."

"ते मी बघंन."

"कसं बघताल? रोहिणीला सांगू का मी? ती करंल. ती वाईट न्हाई, आत्याबाई. तुमी तिला कधी—"

"सरजे, गप्प. पाक हलतोय तुझ्या बडबडीनं."

दोघी पातेल्याकडे बघत बसल्या. मध्येच दार किलकिलं झालं, महारुद्राचा हात कलथ्याकडे आला, आणि नर्मदाबाईंनी त्या हातावर काठी इतक्या जोरात हाणली की तो "माय गं!" म्हणत पळाला. सरजाला हसू आवरेना. तोंडात पदर धरून ती हसत राहिली. नर्मदाबाईंनाही हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

मग त्यांनी पातेल्याच्या बुडाला तळहात लावला. कोमट होतं, लेकराच्या अंगाएवढं. "बोलाव पोरीला," त्या म्हणाल्या.

*

घोटणं हे एकटीचं काम नव्हतं. राजनंदिनीनं सुरुवात केली, तिचा हात दुखला तशी सरजानं कलथा घेतला, मग रोहिणीनं. विहीणबाईंनी पर्स बाजूला ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "द्या इकडं, चारठाण्याचं मनगट बघा." आणि खरंच, त्यांच्या हातात पाकाची चकाकी गेली, रंग फिका पडला, कलथा जड झाला. "आता! आता अक्रोड!" राजनंदिनी ओरडली. अक्रोड पडले, लोणी लावलेल्या ताटात सगळं ओतलं गेलं, आणि नर्मदाबाईंनी सुरीनं वड्या पाडल्या. पहिली वडी त्यांनी नातीच्या तोंडात घातली.

राजनंदिनीनं डोळे मिटले. डोळे मिटलेलेच ठेवून तिनं आजीचा हात धरला आणि मान हलवली.

"झाले पुरे डोहाळे?"

मान पुन्हा हलली. नर्मदाबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. विरघळला. "हं. दात नसलेल्यांसाठी केल्यालं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक घेतला.

बाहेर चौरंग मांडला होता. ओटी भरली, औक्षण झालं. मग दोन वाट्या पालथ्या ठेवल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी, बाईनं एक उचलायची. गल्लीतल्या कुणीतरी आगाऊ बाईनं बर्फीच्या जागी मेपलची वडी सरकवली होती. राजनंदिनीनं नेमकी तीच वाटी उचलली, आणि बायकांचा गोंधळ उडाला. "चौकोनी हाय, म्हंजी बर्फी, म्हंजी लेक!" "रंग बघ की, पेढ्याचा हाय, लेकच, पण तो लेक!" हसण्यानं छत दणाणलं.

तेवढ्यात राजनंदिनीचा फोन वाजला. पडद्यावर हरिओम, तिकडं अजून पहाट, केस विस्कटलेले. "काय ठरलं?" त्यानं विचारलं. "मी तिकिटाचं पान उघडून बसलोय."

हसणं ओसरलं. विहीणबाईंनी घसा साफ केला. "हरिओम, बाळा, मी म्हणत होते—"

"विहीणबाई," नर्मदाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्या आवाजापुढं आजवर कुणी बोललेलं नव्हतं. "तुमी मनानं मोठ्या. तुमचं मनगट बी बघितलं आज. सहा महिन्यांनी तुमी तिकडं जा, नातवाला चांगलं न्हाऊ-माखू घाला. पण पहिलं बाळंतपण माहेरचं. ही रीत मी मोडणार न्हाई." महारुद्राचा चेहरा खुलला. राजनंदिनीचा पडला. नर्मदाबाईंनी दम घेतला. "लेकीला माहेरी येता येत न्हाई, तर माहेर लेकीकडं जाईल. जावईबापू, काढा तिकीट. सरजाला खिडकी द्या."

सरजा भिंतीला टेकली. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. नुसती सासूकडे बघत राहिली.

"पण माय," महारुद्र म्हणाला, "मग तुझं—"

"मपलं?" नर्मदाबाईंनी भोवताली बघितलं. गल्लीतल्या बायका, विहीणबाई, फोनमधला जावई. सगळे ऐकत होते. अशी वेळ त्यांनी निवडली नव्हती. पण आता थांबलं तर पुन्हा तोंडातून निघणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "रोहिणे," त्या म्हणाल्या. अठरा वर्षं त्यांनी तिला 'रोहिणी' म्हटलं होतं, शाळेच्या हजेरीत घेतात तसं. "मला आंघोळ घालावी लागती. एकटीला जमत न्हाई. पोळ्यापासून न्हाई जमत. सरजा घालती. उद्यापासून तू शीक."

महारुद्रानं आईकडे बघितलं, मग बायकोकडे.

रोहिणीच्या हातातली पानसुपारीची थाळी एका बाजूला कलली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अठरा वर्षं झाली," ती म्हणाली. तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "तुमी मला कधी वेणी सुदिक घालू दिली न्हाई, आत्याबाई."

*

सकाळी न्हाणीघराचं दार लोटलं गेलं. आत नर्मदाबाई आणि रोहिणी.

रोहिणीला काहीच येत नव्हतं. पाणी आधी कढत, मग गार. तिनं दंडाला धरलं. "दंडाला न्हाई, काखेत धर. घट्ट. मी काय काचेची हाय?" तिनं पाठीवर साबण लावला तो गुदगुल्या केल्यासारखा. "अगं घास की, फळा पुसायलीस का?" जे सरजाला कधी सांगावं लागलं नव्हतं, ते सगळं तोंडानं सांगावं लागत होतं, कुठं दुखतं, कुठं हात पोचत नाही, कुठल्या बाजूनं उठवायचं. सांगताना नर्मदाबाईंचा चेहरा तापला होता, आणि डोळे त्यांनी समोरच्या फरशीवर ठेवले होते. रोहिणी त्या सांगतील तसं करत होती. तिची नेसलेली साडी अर्धी भिजली होती. चष्म्यावर वाफ धरली होती, म्हणून तिला फारसं काही दिसत नव्हतं. एकदा दोघींचाही तोल गेला आणि रोहिणीनं त्यांना दोन्ही हातांनी छातीशी धरलं, तशाच ओल्या. क्षणभर दोघी तशाच उभ्या राहिल्या.

दाराबाहेर सरजाच्या पावलांचा आवाज येत होता. दारापर्यंत यायची, थांबायची, परत फिरायची. शेवटी तिला राहवलं नाही. कडी वाजली.

"आत्याबाई, येऊ का मी? जमायलंय का तिला?"

नर्मदाबाईंनी रोहिणीचा दंड आणखी घट्ट धरला आणि आतून ओरडल्या,

"तू तुपली बॅग भर!"